चारशे अकरा हसू, एक रडू

मी एक जुना डबा आहे. डबा म्हटलं की तुम्हाला खाऊ आठवेल, पण माझ्या पोटात खाऊ नाही. थोड्या तारा आहेत, एक बारीकशी पट्टी आहे आणि लोकांची मतं आहेत. ती खरी आहेत की खोटी, हे मला अजून नीटसं कळलेलं नाही. आधी वाटायचं, सगळी खरी. मग वाटलं, सगळी खोटी. मित्रांनो, माझं आयुष्य असं गोंधळातच गेलं. तुम्हाला सांगून बघतो. सांगता सांगता मलाही काही उमगलं तर बरंच आहे.

माझा जन्म तैवानमधल्या शिंचू शहरात झाला. तिथल्या एका कंपनीत मला पांढरं आवरण चढवलं आणि माझ्या पोटावर पाच गोल बटणं बसवली. प्रत्येक बटणावर एक तोंड रंगवलेलं. पहिलं रडकं, डोळ्यांतून थेंब गळणारं. दुसरं कुरकुरं. तिसरं नुसतंच बघणारं. चौथं हसरं. आणि पाचवं खिदळणारं, सगळे दात दाखवणारं. मला जोडणारा कारागीर प्रत्येक बटण अंगठ्याने पुन्हा पुन्हा दाबून बघायचा. "पाचही सारखीच हलकी पाहिजेत," तो शेजारच्याला म्हणाला. "रडायला कुणाला जास्त जोर लावायला लागू नये." मला ते वाक्य फार आवडलं. पुढे कळलं की रडायला जोर बोटात लागत नाही, दुसरीकडेच कुठेतरी लागतो.

माझं काम सोपं होतं. लोकांनी कंपनीची नवीन वस्तू वापरून बघायची, जशी वाटली तसं तोंड दाबायचं. मी ते दिवस-वेळेसकट लिहून ठेवायचं आणि दर सोमवारी सगळं शिंचूला कळवायचं. बस्स. यात गोंधळण्यासारखं काय आहे, असं मलाही तेव्हा वाटलं होतं.

मला दोउलिऊ गावातल्या एका विजेच्या सामानाच्या दुकानात पाठवलं. दुकान झान तिंगफू यांचं. सगळी गल्ली त्यांना आफू म्हणते, मी आफूकाका म्हणतो. पंखे, हीटर, इस्त्र्या विकायच्या आणि उरलेल्या वेळात मागच्या टेबलावर त्याच दुरुस्त करायच्या, असं त्यांचं तीस वर्षं चाललं होतं. माणूस कमी बोलणारा. बिघडलेल्या पंख्याशी मात्र बोलायचा. माणसांशी बोलायची वेळ आली की घसा खाकरून थांबायचा.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या डोक्यावर एक हिरवं पाकीट ठेवलं. आमच्याकडे यंत्र म्हटलं की त्याच्यावर ते पाकीट हवंच. नारळाच्या चवीचा कुरकुरीत खाऊ असतो तो, आणि त्याच्या नावाचा अर्थच मुळी 'शहाण्यासारखं वाग' असा आहे. बँकेतल्या यंत्रावर असतं, दवाखान्यातल्या यंत्रावर असतं, मोठमोठ्या कारखान्यांतही असतं. पाकीट हिरवंच लागतं, पिवळं किंवा लाल चालत नाही. आणि त्यावरची तारीख उलटलेली चालत नाही, नाहीतर यंत्र रुसतं. आफूकाका दर महिन्याच्या एक तारखेला दुकानातली सगळी पाकिटं बदलायचे. गल्लीत देवाची उदबत्ती चुकली असेल एखाद्या दिवशी, पण आफूकाकांचं पाकीट कधी चुकलं नाही.

मी डोक्यावर पाकीट घेऊन उभा राहिलो आणि विचार करू लागलो. शहाण्यासारखं वागायचं म्हणजे नेमकं काय करायचं? मला कुणी सांगितलं नाही.

माझ्याबरोबर शिंचूहून भात शिजवायची भांडी आली होती. बोलकी भांडी. आमच्या बाजूला घरोघरी एक साधं विजेचं भांडं असतं. बाहेरच्या भांड्यात अर्धी वाटी पाणी ओतायचं, एकच कळ खाली दाबायची, पाणी आटलं की कळ 'टक' करून वर येते आणि भात तयार. आजीचं भांडं नातीपर्यंत चालतं. हे नवीन भांडं मात्र मोबाईलवरून चालायचं, तांदूळ ओळखायचं आणि भात शिजला की बोलायचं, "जेवायला या. झाकण गरम आहे, जपून." तो आवाज कुणाचा होता माहीत आहे? आफूकाकांच्या मुलीचा, यूछिंगचा. ती त्याच कंपनीत होती आणि हे भांडं तिनेच तयार केलं होतं. तिचं पहिलंच भांडं. चाचणीच्या भांड्यांत तिने स्वतःचाच आवाज भरला होता.

"बा, तीन महिन्यांची चाचणी आहे," ती म्हणाली. "लोकांना आवडलं तर दहा हजार भांडी काढणार. नाही आवडलं तर माझी तुकडीच बंद होणार. म्हणून लोकांना सांग, खरं काय ते दाबा. चूक आत्ता कळली तर मी सुधारू शकते. नंतर नाही."

आफूकाकांनी घसा खाकरला आणि मान हलवली.

यूछिंग शिंचूला परत गेली आणि गल्लीतली माणसं आठवड्याआठवड्याला भांडी घरी नेऊ लागली. परत आणून द्यायला आली की माझ्यासमोरच उभी राहून बोलायची. मित्रांनो, काय काय ऐकलं मी!

दुकानासमोरच्या छताखाली आस्यू मावशीची नूडल्सची गाडी असायची. ती म्हणाली, "भात लावायला मोबाईल शोधायचा, मोबाईल लावायला चष्मा शोधायचा. तोवर माझी तीन गिऱ्हाइकं जेवून जातात! या कंपन्यांचं काय आहे, आपलं जुनं नीट चाललंय म्हणून यांच्या पोटात दुखतं."

श्यू गुरुजी निवृत्त शिक्षक होते. भांडं सुरू करण्याआधी मोबाईलवर एक करार यायचा, खाली 'मान्य आहे' असं दाबायचं. सगळं गाव न वाचता दाबायचं. गुरुजींनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. तीन दिवस लागले. तीन दिवस घरात भात नाही, गुरुजींच्या बायकोने पाव आणला. "एकोणिसाव्या पानावर लिहिलंय की मी भात कधी खातो हे कंपनीला कळलेलं मला मान्य आहे," गुरुजी म्हणाले. "माझ्या सख्ख्या भावाला माहीत नाही मी कधी जेवतो. यांना कशाला हवंय?"

एक आई कडेवर बाळ घेऊन आली. तिने काउंटरवर भांडं ठेवलं आणि हात झटकले. "झाकणाला दोन्ही बाजूंना खटके. दोन्ही एकदम दाबले तर उघडणार. एका हातात पोर असलं तर काय दातांनी दाबू?"

हे सगळं ऐकून मी तयार राहायचो. आता कुरकुरं दाबणार, आता रडकं दाबणार. आणि मित्रांनो, प्रत्येक जण पुढे येऊन पाचवं बटण दाबायचा! खिदळणारं! आस्यू मावशीने दाबलं. गुरुजींनी दाबलं. त्या आईने तर बाळाचं बोट धरून दाबलं.

मी पार चक्रावून गेलो. आधी वाटलं, माझ्याच तारा उलट्या जोडल्या असतील. तोंडं एक बोलतात, बोटं दुसरंच बोलतात, मग शिंचूला कळवायचं तरी काय? मला तोंडाचं लिहायची सोय नव्हती. मी बोटांचं लिहीत गेलो.

मग हळूहळू कारण कळलं. "आपल्या आफूची पोरगी आहे ती," आस्यू मावशी सगळ्यांना बजावायची. "एवढीशी होती तेव्हापासून माझ्या गाडीवर नूडल्स खाल्लेत तिने. तिची नोकरी जायला नको. चला, पाचवं दाबा सगळ्यांनी." आमच्याकडच्या खानावळींत एक रीत असते. इंटरनेटवर पाच तारे दिले की एक बशी काहीतरी फुकट मिळतं. मावशीने तीच रीत मला लावली. माझ्याशेजारी पुठ्ठा टांगला, 'खिदळतं तोंड दाबा, चहातलं अंडं फुकट.' चहाच्या मसाल्यात उकळलेल्या त्या अंड्यांचा वास दिवसभर दुकानात दरवळायचा. काही माणसं तर भांडं न नेताच बटण दाबायला येऊ लागली. घर नसलेला, कुत्रा घेऊन हिंडणारा एक म्हाताराही रोज दाबून जायचा. त्याला अंडं मिळायचं, याचं मात्र मला बरं वाटायचं.

प्रेमाने खोटं बोललं तर ते खोटं असतं का? मला कळेना.

आता आफूकाकांच्या घरची गोष्ट. त्यांची आई, जिला सगळे आमा म्हणतात, तिचा उजवा हात दोन वर्षांपूर्वी अर्धांगाच्या झटक्याने लुळा पडला होता. तरी रोजचा भात ती स्वतःच लावायची. डाव्या हाताने पाणी, डाव्या हाताने कळ. "बाकी सगळं तुम्ही करा, भाताला हात लावायचा नाही," असं ती बजावायची. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एक बोलकं भांडं तिच्याकडे गेलं. आठ तारखेला संध्याकाळी ती आफूकाकांचा हात धरून दुकानात आली.

"फार गुणी भांडं आहे," आमा म्हणाली. "आफू, माझ्या वतीने खिदळतं दाब हां. आणि माझं अंडं विसरू नकोस."

आफूकाकांनी बटण दाबलं नाही. "उद्या दाबतो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी, दुकानाचं शटर अजून खालीच होतं, तेव्हा ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. एकदा पाचव्या बटणावर बोट नेलं, मागे घेतलं. आणि मग त्यांनी पहिलं बटण दाबलं. रडकं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ते दाबलं. कारागीर म्हणाला होता तसं ते खरंच हलकं होतं. पण आफूकाकांना तिथवर बोट आणायला अख्खी रात्र लागली होती.

सोमवारी मी सगळं शिंचूला कळवलं. मला वाटलं, आता यूछिंगचा फोन येणार. आलाच नाही.

सप्टेंबरात ती चंद्राच्या सणाला घरी आली. गल्लीत सगळ्यांनी दारापुढे शेगड्या मांडल्या होत्या, मांस भाजत होते, धुराने माझं पांढरं आवरणही पिवळं पडायला आलं. यूछिंग आनंदात होती. "चारशे बारापैकी चारशे अकरा जण खूश! कंपनीत असं कधी झालं नव्हतं म्हणे." मग तिच्या कपाळावर आठी आली. "पण बा, हा एक रडका कोण?"

शेगडीवरचं मांस उलटता उलटता आस्यू मावशी थांबली. सगळेच थांबले. आफूकाकांनी घसा खाकरला. मी मनात म्हणत होतो, सांगा, काका, सांगा.

"त्या दिवशी त्याच्या डोक्यावरच्या पाकिटाची तारीख उलटली होती," आफूकाका म्हणाले. "डबा जरा बिघडला असेल."

"अस्सं होय!" यूछिंगने सुटकेचा निःश्वास टाकला. तिने तिथूनच साहेबांना फोन लावला. तुम्ही म्हणाल, एवढे शिकलेले इंजिनिअर, ते काय ऐकणार असल्या कारणाला? ऐकलं ना! त्यांच्याही यंत्रांवर हिरवी पाकिटं होतीच. "मग तो एक आकडा काढूनच टाका," साहेब म्हणाले, आणि टाकला.

मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. तीन महिने खोटं लिहिलं तेव्हा मी उत्तम डबा होतो. एकदाच खरं लिहिलं तर बिघडलेला ठरलो. आणि ठरवलं कुणी? ज्यांनी ते लिहायला लावलं त्यांनीच. हा माणूस धीट आहे की भित्रा, हेच मला समजेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला मागच्या खोलीत, जुन्या पंख्यांच्या ढिगात ठेवलं. माझं काम संपलं होतं.

दहा हजार भांडी बाजारात गेली. थंडी पडू लागली तशी परत येऊ लागली. कारण मात्र कुणी लिहीत नव्हतं. कंपनीत आरडाओरडा झाला. जानेवारीत यूछिंग पिशवी घेऊन घरी आली. चेहरा उतरलेला. चांद्र नववर्षाच्या सणापर्यंत चूक सापडली तर ठीक, नाहीतर सगळी भांडी भंगारात आणि तिची तुकडी बंद, असं तिला सांगितलं होतं.

तिने गल्लीभर विचारलं, "काय खटकलं? सांगा ना!"

"काही नाही गं, छानच आहे," आस्यू मावशी म्हणाली. "लोकांनाच किंमत नाही."

"उत्तम आहे, उत्तम," गुरुजी म्हणाले आणि घाईघाईने निघून गेले.

शेवटी ती मागच्या खोलीत आली. तिने माझ्यावरची धूळ फुंकली आणि माझं पोट उघडून संगणकाला जोडलं. कंपनीने पुसलेला आकडा माझ्या पोटात तसाच होता. नऊ ऑगस्ट, सकाळी सहा वीस. ती त्या ओळीकडे बघत बसली. मग बाहेर गेली. आफूकाका टेबलावर इस्त्री खोलून बसले होते.

"बा, सहा वीसला शटर खाली असतं. आत तू एकटाच असतोस."

आफूकाकांनी इस्त्रीचा आणखी एक स्क्रू काढला.

"आणि मी वेडीच. तू पाकिटाची तारीख उलटू देशील? तू? जन्मात कधी उलटू दिली आहेस?"

आफूकाकांच्या हातातला स्क्रू खाली पडला. तो शोधायला ते वाकले नाहीत.

"आदल्या दिवशी बाराला मी घरी जेवायला गेलो," ते म्हणाले. "आमा भांडं मांडीत घेऊन बसली होती. भात सकाळी सातलाच झाला होता. दर दहा मिनिटांनी भांडं तुझ्या आवाजात म्हणायचं, जेवायला या, जेवायला या. आणि तिला झाकण उघडेना. काडी घालून झाली, दातांनी झालं. पाच तास उपाशी. मला म्हणते कशी, पोरीला सांगू नकोस, तिचा आवाज ऐकत बसले होते, मला भूकच नव्हती."

यूछिंगने त्यांच्या पुढ्यातली इस्त्री बाजूला सारली. "मग मला का नाही सांगितलंस? मी विचारलं होतं ना, बा! सगळ्यांसमोर विचारलं होतं!"

"बटण दाबलं गं. तोंड उघडलं नाही. तू एवढी हसत होतीस..." त्यांनी मागच्या खोलीकडे बोट दाखवलं. "डब्यावर ढकललं मी. माझीच चूक."

ती रडली, चांगली ओक्साबोक्शी रडली. रागावलीही. दोन दिवस बापाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने आमाला दुकानात आणून खुर्चीत बसवलं, पुढ्यात भांडं ठेवलं आणि म्हणाली, "आमा, उघडून दाखव."

"येतं की मला," आमा म्हणाली. डाव्या हाताने एक खटका दाबला, हनुवटीने दुसरा दाबायला गेली, भांडं सरकलं. पुन्हा केलं. पुन्हा सरकलं. यूछिंग मदतीला धावली नाही. ती नुसती बघत राहिली, आणि वहीत काहीतरी लिहीत राहिली. मग तिने बापाच्या टेबलावरचा स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

सणापर्यंत बापलेक त्या टेबलावरून उठले नाहीत. आफूकाकांनी जुन्या पद्धतीची एक रुंद कळ कापून दिली, तिने ती झाकणाला बसवली. एकदा फार सैल झाली, एकदा फार घट्ट. चांद्र वर्षाच्या शेवटच्या दिवशी दुपारी, सगळी गल्ली दुकानात जमलेली असताना, आमाने डाव्या हाताचा अंगठा ठेवला आणि 'टक' झालं. झाकण उघडलं. वाफ तिच्या तोंडावर आली. तिने सरळ चमचा मागितला.

मला पुन्हा पुढे आणून ठेवलं होतं. अंड्यांचा पुठ्ठा नव्हता. तरी सवयीने आस्यू मावशीने पाचवं दाबलं. गुरुजींनी तिसरं दाबलं आणि सांगितलं, "एकोणिसावं पान काढा, मग पुढचं बघू." यूछिंग हसून म्हणाली, "लिहून घेते, गुरुजी." मग आफूकाका आले. त्यांनी भात चाखला, घसा खाकरला आणि चौथं बटण दाबलं.

"पाचवं का नाही, बा?"

"तळाला जरासा लागतोय," आफूकाका तिच्याकडे बघत म्हणाले. "बाकी छान."

ती इतकी खूश झाली की मी पुन्हा गोंधळलो. चारशे अकरा वेळा खिदळलो तेव्हा ती एवढी खूश झाली नव्हती.

परत आलेल्या भांड्यांना नवी झाकणं बसली आणि तुकडी टिकली. मी आता दुकानात एका कोपऱ्यात असतो. माझ्या पाचव्या तोंडाचे दात झिजून पार पुसले गेलेत, आणि पहिल्याचा रंग अजून नवाकोरा आहे. मित्रांनो, तुम्हाला कुणी मनापासून काही करून दाखवलं आणि 'कसं झालंय?' असं विचारलं, तर त्याला नुसतं हसू देऊन वाटेला लावू नका. आणि खटकलं असेल तर गुपचूप बटण दाबून पळूही नका. जवळ बसा, तोंडाने सांगा, मायेने सांगा. शहाण्यासारखं वागणं म्हणजे हेच असावं, असं मला वाटतं. नक्की माहीत नाही. मी शेवटी डबाच.

दर महिन्याच्या एक तारखेला आफूकाका अजून माझं पाकीट बदलतात. नवीन हिरवं पाकीट नीट मधोमध ठेवतात, माझ्या डोक्यावरून फडकं फिरवतात आणि दुकानात कुणी नसलं तर हळूच म्हणतात, "तू बिघडला नव्हतास रे."